तुरटीचा गाळ शेतात टाकण्याआधी स्फुरदाचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन एकर हलकी, वाळूसर जमीन. जवळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून गाळ फुकट मिळतोय आणि ट्रॉल्याही तेच आणून टाकणार आहेत. केंद्रातले लोक म्हणतात, "नदीचाच गाळ आहे, जमीन सुधारेल." शेजारी म्हणतो, "त्यात तुरटी असते, जमीन कायमची नासेल." चार बोटं जाडीचा थर पसरून रोटाव्हेटर मारायचा बेत आहे. तर गाळ टाकावा का, किती टाकावा, आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम पिकात उतरेल का?

मी आधी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होतो आणि नंतर अशा केंद्रांच्या गाळाची विल्हेवाट लावण्याच्या कामात आलो. त्यामुळे गाळ देणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची धास्ती, दोन्ही ओळखीच्या आहेत. केंद्रवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, शेजाऱ्याचंही निम्मंच. पण ज्यावर निर्णय अवलंबून आहे ती गोष्ट दोघांपैकी कुणीच काढलेली नाही. ती म्हणजे स्फुरद (फॉस्फरस). हा गाळ स्फुरद धरून ठेवतो, आणि एकदा धरला की सहजी सोडत नाही. तुमच्या जमिनीत स्फुरद कमी असेल तर हा फुकटचा गाळ महागात पडेल. गरजेपेक्षा जास्त असेल तर तोच गाळ उपयोगी आहे.

आधी हा गाळ असतो काय ते पाहू. कच्च्या पाण्यात चिकणमातीचे इतके बारीक कण असतात की ते आपणहून खाली बसत नाहीत. त्यात तुरटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, घातली की अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेलीसारखे पुंजके तयार होतात. हे पुंजके माती, शेवाळ, पाण्याला पिवळट रंग देणारे सेंद्रिय पदार्थ, सगळं स्वतःला चिकटवून घेत क्लॅरिफायरच्या, म्हणजे पाणी निवळण्याच्या टाकीच्या, तळाशी बसतात. जे निसटतं ते वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतं आणि बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर उलट्या दिशेने धुण्याच्या, पाण्याबरोबर बाहेर येतं. पुंजके लवकर बसावेत म्हणून काही केंद्रं पॉलिमरही वापरतात. म्हणजे गाळात नदीची माती असते हे खरं, पण त्या मातीच्या कणांवर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा थर बसलेला असतो. धरणातून किंवा तळ्यातून काढलेल्या गाळाशी त्याची तुलना इथेच संपते.

दुसरा घोटाळा मी वारंवार पाहतो. लोक सांडपाण्याच्या गाळाबद्दल वाचतात आणि तेच नियम इथे लावतात. सांडपाण्याच्या गाळात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद भरपूर असतात, जंतूही भरपूर असतात, म्हणून तो खत म्हणून वापरला जातो आणि त्याचे नियमही त्याच हिशोबाने झाले. युरोपचा 1986 चा निर्देश सांडपाण्याच्या गाळासाठीच आहे. अमेरिकेत 1993 साली आलेल्या नियमावलीतून, जिला भाग 503 म्हणतात, पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा गाळ स्पष्टपणे वगळलेला आहे. जड धातूंची तुलना करायला तिथले आकडे हाताशी असलेले बरे. त्यातली कडक बाजूची यादी कोरड्या वजनाच्या दर किलोला शिसं 300 मिलिग्रॅम, कॅडमियम 39, आर्सेनिक 41, तांबं 1500 अशी जाते. पण गाळ त्या मर्यादेत बसला म्हणून तो पिकाला चांगला, असं अजिबात नाही. ती यादी विषारी धातूंची आहे, आणि स्फुरद अडकण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तुमच्या इथे परवानगी कुणाची लागते, हे गाळ उचलण्याआधी लेखी विचारून घ्या. नियम जागोजागी वेगळे असतात.

आता पहिला प्रश्न केंद्राला विचारायचा: तुम्ही पाण्यात घालता काय? कारण सगळे गाळ एका जातीचे नसतात. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा गाळ, बहुधा राखाडी-तपकिरी. फेरिक क्लोराइड घातलं असेल तर लोहाचा, गंजासारखा तांबूस. पाण्याचा जडपणा काढायला चुना वापरत असतील तर गाळ जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, पांढुरका. या शेवटच्या गाळाची गोष्टच वेगळी आहे. तो चुनखडीच समजा. आम्ल जमिनीत तो टाकायला मी आनंदाने सांगेन, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) 8 च्या वर असलेल्या जमिनीत त्याचं काही काम नाही. शंका असेल तर वाळलेल्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुन्याचा अंश मोठा आहे. इथून पुढे तुमचा गाळ तुरटीचा आहे असं धरून लिहितो. शेजाऱ्याच्या बोलण्यावरून तसंच दिसतंय.

शेजाऱ्याची भीती अगदीच निराधार नाही. मातीचा सामू 5.5 च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं, आणि 5 च्या खाली ते मुळांना खरंच मारक ठरतं. मुळांची टोकं जाड आणि तोकडी होतात, बारीक तंतुमुळं येत नाहीत, पीक पाण्याला आणि अन्नद्रव्यांना मुकतं. पण सामू 6 ते 7.5 च्या दरम्यान अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जवळपास अविद्राव्य असतं आणि घन रूपातच पडून राहतं. नुसत्या एकूण अ‍ॅल्युमिनियमचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, कारण साध्या मातीतही ते वजनाच्या सातेक टक्के सहज असतं. ते विरघळतंय की नाही, एवढंच पाहायचं, आणि ते सामू ठरवतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. जमिनीचा सामू 6 च्या खाली असेल तर आधी चुना द्या, सामू वर आणा, आणि मगच अ‍ॅल्युमिनियमच्या गाळाचा विचार करा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आज सामू 6.5 आहे म्हणून गाळ टाकला, आणि पुढे वर्षानुवर्षं युरिया आणि अमोनियम सल्फेटचा मारा चालू ठेवला, तर हलक्या जमिनीचा सामू हळूहळू खाली येतो. हलक्या जमिनीत तो थोपवून धरण्याची ताकदच कमी असते. गाळ परत काढता येत नाही. तेव्हा ज्या जमिनीत हा गाळ गेला तिथे दर दोन-तीन वर्षांनी सामू तपासणं ही कायमची जबाबदारी धरा.

आता स्फुरद. इथे थोडं थांबतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

स्फुरद मातीत फॉस्फेटच्या रूपात असतो, आणि फॉस्फेटला अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पृष्ठभाग फार प्रिय. गाळातलं हायड्रॉक्साइड स्फटिकरूप झालेलं नसतं, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग अफाट असतो. फॉस्फेट आधी वरवर चिकटतो आणि मग हळूहळू कणांच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो. आत गेलेला फॉस्फेट पिकाच्या मुळांना परत मिळणं अवघड. लोहाच्या गाळातही हेच होतं, फक्त तिथे एक फरक पडतो. पाणी साचून जमिनीतला प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं आणि धरलेला स्फुरद काही अंशी सुटतो. अ‍ॅल्युमिनियमला त्याचं काही देणंघेणं नाही, ते धरून बसतं.

किती धरतं? याचा अंदाज कागदावर काढता येतो. प्रयोगशाळेला गाळातलं "ऑक्झलेटमध्ये विरघळणारं अ‍ॅल्युमिनियम" मोजायला सांगा. स्फुरद धरणारं क्रियाशील अ‍ॅल्युमिनियम ते हेच. समजा ते कोरड्या गाळाच्या दर किलोला 60 ग्रॅम आलं. अ‍ॅल्युमिनियमचा अणुभार 27, म्हणजे झाले सुमारे 2.2 मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक). अ‍ॅल्युमिनियमच्या एका मोलमागे साधारण 0.15 मोल स्फुरद भरेपर्यंत तो घट्ट धरला जातो, असं मृदाशास्त्रात ढोबळमानाने धरतात. स्फुरदाचा अणुभार 31. गुणाकार केला की दर किलो गाळामागे जवळपास 10 ग्रॅम स्फुरद, म्हणजे एक टन कोरड्या गाळामागे 10 किलो. खताच्या पोत्यावर स्फुरद ज्या रूपात लिहिलेला असतो, त्या पी₂ओ₅ च्या भाषेत हे 23 किलो झाले. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतात ते 46 टक्के असतं. म्हणजे एक टन कोरडा गाळ म्हणजे डीएपीचं 50 किलोचं एक पोतं गिळण्याची ताकद.

लगेच घाबरू नका. हे सगळं एका हंगामात होत नाही. गाळात नदीच्या पाण्यातून आलेला थोडा स्फुरद आधीच असतो, तो या हिशोबातून वजा करायचा. शिवाय मातीतला सगळाच स्फुरद गाळाकडे धावत नाही, कारण मातीचे स्वतःचे कणही तो धरून असतात. पण तुमच्या बेतातल्या थराचं गणित यावरून मांडून पाहा. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धरू. एका एकरावर तो साधारण 280 घनमीटर होतो. दाबून पाणी काढलेल्या गाळात सहसा 20 टक्क्यांच्या आसपास घन भाग असतो, तेव्हा ओलं वजन तीनशेहून जास्त टन आणि कोरडं साठेक टन. एकरी साठ पोती डीएपी गिळू शकेल इतका गाळ तुम्ही एका फटक्यात टाकायला निघाला आहात.

हे कुंडीत कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे नुसतं गणित वाटणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही एकाच मातीत गाळाचं प्रमाण वाढवत नेऊन मका पेरायचो. उगवण सगळ्या कुंड्यांत सारखीच, कारण बियाण्याच्या पोटात स्वतःपुरता स्फुरद असतो. फरक तिसऱ्या-चौथ्या पानाला पडतो. गाळ जास्त असलेल्या कुंडीत पानांच्या कडा जांभळट होतात, मग हा रंग टोकाकडून खाली उतरतो. पान नेहमीपेक्षा गडद हिरवं दिसतं, पण रोप बुटकं आणि खोड काडीसारखं. नवख्याला वाटतं, थंडी लागली किंवा अ‍ॅल्युमिनियम बाधलं. त्यातल्याच काही कुंड्यांना बियाण्याजवळ जादा स्फुरद दिला की रोप सावरतं. अ‍ॅल्युमिनियमचा विषार असता तर नुसत्या स्फुरदाने रोप इतकं सावरलं नसतं. मी जी शेतं पाहिली त्यांतही चित्र बहुतेक हेच होतं. ट्रॉल्यांचे ढीग जिथे जिथे उतरवले होते तिथे पिकात बुटक्या झाडांची गोल चकती, आणि दोन चकत्यांच्या मधे पीक बरं. म्हणजे गाळ वाईट होता म्हणण्यापेक्षा तो एका जागी फार पडला होता.

मग हा गाळ घ्यायचा कुणी? ज्या जमिनीत वर्षानुवर्षं कोंबडीखत किंवा शेणखत ओतलं गेलंय आणि स्फुरदाचा आकडा गरजेच्या कितीतरी पट वर गेलाय, तिथे हा गाळ खरोखर काम करतो. अशा जमिनीतून पावसाच्या पाण्याबरोबर स्फुरद वाहून तळ्यांत जातो आणि शेवाळ माजतं. गाळ तो अडवतो. ओढ्याकाठच्या पट्ट्यात, जिथून पाणी शेताबाहेर पडतं, तिथे टाकला तर थोड्या गाळातही परिणाम दिसतो. दुसरा उपयोग वाळूसर जमिनीत पाणी थोडं जास्त धरण्यासाठी. हा फायदा खरा आहे, पण त्याचं जेवढं कौतुक होतं तेवढा तो मोठा नाही. पाणी धरण्यासाठीच काही टाकायचं असेल तर त्याच कष्टात चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत जास्त देऊन जातं. नत्र म्हणाल तर या गाळात ते साधारण एका टक्क्याच्या आतबाहेर, तेही बहुतांश सेंद्रिय रूपात. तेव्हा खत म्हणून याच्याकडे पाहूच नका.

तुमची जमीन हलकी आणि वाळूसर आहे, एवढ्यावरून स्फुरद कमी असेल असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर जाऊ नका. आधीच्या मालकाने तिथे कोंबडीखत ओतलेलं असेल तर चित्र उलटं निघेल. माती परीक्षण करून घ्या. ऑल्सन पद्धतीने (पिकाला मिळू शकणारा स्फुरद मोजायची चाचणी) स्फुरद दर किलोला 10 मिलिग्रॅमच्या खाली आला तर या गाळाला सरळ नाही म्हणा. 25 च्या वर आला तर बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. मधला आकडा आला तर टाकता येतो, पण कमी मात्रेत आणि खताचं नियोजन बदलून.

मात्रेचा ढोबळ हिशोब असा. पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीचं वजन हेक्टरी सुमारे 2000 टन, म्हणजे एकरी 800 टन. एक टक्का म्हणजे एकरी 8 टन कोरडा गाळ. पहिल्या खेपेला मी याच्या वर कधीच जाऊ देत नाही, आणि स्फुरद मध्यम असेल तर याच्या निम्म्यावर थांबवतो. लक्षात ठेवा, हे कोरडं वजन. 20 टक्के घन भागाचा गाळ असेल तर 8 टनांसाठी 40 टन ओला गाळ आणावा लागेल. हाच गाळ पातळ स्वरूपात, 2 टक्के घन भागाचा, टँकरने देतो असं कुणी म्हणालं तर आकडा एकरी 400 टनांवर जातो. म्हणजे शेतभर 10 सेंटिमीटर उंचीचं पाणी एकदम सोडल्यासारखं. एवढं पाणी झेलण्याआधी ते कुठे वाहत जाईल याचा विचार करा. गाळ केंद्राजवळच ठेवून वाळवून घ्यायचा आग्रह धरा. वाहतूक ते फुकट करणार असले तरी जमीन दाबली जाते ती तुमची.

वाळवण्याचा मुद्दा फक्त वजनाचा नाही. ताजा गाळ बोटांत चोळला तर ओल्या साबणासारखा बुळबुळीत लागतो. तो तसाच पसरला तर मातीची छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो, तो वाळताना भेगाळतो आणि कोवळे कोंब त्याखाली अडकतात. पूर्ण वाळला की मात्र तो कायमचा बदलतो. कडक, टोकदार खडे होतात आणि ते पाण्यात पुन्हा विरघळून चिखल होत नाहीत. खात्री करायची असेल तर वाळलेला खडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पाणी स्वच्छ आणि खडा तसाच असेल तर गाळ नीट वाळलाय. पाणी गढूळ होऊन खडा फुटला असेल तर अजून उघड्यावर राहू द्या. जुना, सहा महिने ऊन-पाऊस खाल्लेला गाळ मला ताज्यापेक्षा बरा वाटतो. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम काही प्रमाणात थंडावलेलं असतं आणि स्फुरद ओढण्याचा जोरही थोडा उतरतो. मोठी ढेकळं मात्र पसरण्याआधी फोडून घ्या. मुठीएवढं ढेकूळ जमिनीत वर्षानुवर्षं ढेकूळच राहतं.

आता गाळाच्या चाचण्या. सामू, क्षारता, घन भाग, सेंद्रिय कर्ब, एकूण नत्र आणि वर सांगितलेलं ऑक्झलेट अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि स्फुरद, एवढं तर हवंच. जड धातूंची यादीही तपासून घ्या, पण त्यात तीन गोष्टींवर माझा जास्त डोळा असतो. पहिली आर्सेनिक. कच्च्या पाण्यात ते असेल तर गाळात गोळा होतं, कारण पाण्यातून ते काढलं जातं ते याच पुंजक्यांना चिकटवून. आर्सेनिक किंवा फ्लोराइड काढण्यासाठीच उभारलेल्या केंद्राचा गाळ शेतात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. दुसरी मँगनीज. पाण्यातून मँगनीज काढणाऱ्या केंद्रांच्या गाळात ते भरपूर असू शकतं, आणि आम्ल किंवा पाणथळ जमिनीत ते विरघळून पिकाला बाधतं. पाणी साचणाऱ्या शेतात लोहाचा किंवा मँगनीजचा गाळ म्हणूनच टाळा. तिसरी तांबं. जलाशयात शेवाळ मारायला मोरचूद (तांब्याचं सल्फेट) वापरत असतील तर ते तांबं शेवटी गाळात येतं. पिकाला ते सहसा पचतं, पण शेतात मेंढ्या चरत असतील तर काळजी घ्या. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं.

केंद्र चव किंवा वास घालवायला पावडरच्या रूपात सक्रिय कोळसा वापरतं का, हेही विचारा. तो गाळात उतरतो आणि तणनाशकं शोषून घेतो. पेरणीनंतर लगेच जमिनीवर मारायचं तणनाशक अशा शेतात कमी चालतं, आणि शेतकरी बिचारा औषधवाल्याला शिव्या देत बसतो.

जंतूंचं म्हणाल तर हा गाळ सांडपाण्याच्या गाळाइतका धोक्याचा नाही, पण निर्जंतुकही नाही. नदीच्या पाण्यातले जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे जंतू फिल्टरमध्ये अडकतात आणि बॅकवॉशच्या गाळात एकवटतात. वाळवणं आणि ऊन यांनी ते कमी होतात. तरी कच्च्या खायच्या पालेभाज्या किंवा जमिनीलगतची फळं असलेल्या शेतात मी त्या हंगामात हा गाळ टाकू देत नाही. उभ्या चाऱ्यावर तर पसरायचाच नाही, पानांना चिकटलेला गाळ जनावराच्या पोटात जातो.

सगळे आकडे बरे निघाले असं धरू. तरी तिन्ही एकरांवर एकदम टाकू नका. शेताच्या एका कडेला चार पट्टे आखा: एक बिनगाळाचा, एक एकरी 4 टन कोरड्या वजनाचा, एक 8 टनांचा, आणि चौथा 8 टन अधिक नेहमीपेक्षा दीडपट स्फुरद. पट्टे शेताच्या उताराला आडवे न घेता उताराच्या दिशेने घ्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या मातीतला फरक प्रत्येक पट्ट्यात सारखा वाटला जाईल. गाळ एकसारखा पसरून तो वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये नीट मिसळा. मिसळल्यावर पेरणीआधी एक-दोन पाऊस किंवा पाण्याच्या पाळ्या जाऊ द्या. मका पेरता आला तर उत्तम, स्फुरदाची ओढाताण त्याच्या पानावर लवकर दिसते. चौथा पट्टा पहिल्याइतकाच चांगला आला आणि तिसरा मागे पडला, तर तुमच्या जमिनीत अडचण स्फुरदाचीच आहे हे हातात आलं.

गाळ गेलेल्या शेतात खत द्यायची पद्धत बदलावी लागते. स्फुरद फेकून देऊन मातीत मिसळला तर तो गाळाच्या प्रत्येक कणाला भेटतो आणि अडकतो. तोच बियाण्याच्या बाजूला, किंचित खाली, पट्ट्याने दिला तर थोड्या जागेतले कण लवकर भरतात आणि उरलेला मुळांना मिळतो. शेणखत आणि गाळ एकत्र द्यावा का, असंही लोक विचारतात. जमिनीची घडण सुधारायला जोडी चांगली आहे, पण शेणखतातला स्फुरद पूर्ण मिळेल असा हिशोब तेव्हा करू नका. उलट, जिथे शेणखत जास्त झाल्याने स्फुरद वाहून जाण्याची भीती आहे तिथे दोन्ही मिसळून देणं ही माझी आवडती पद्धत आहे, कारण पिकाला नत्र मिळतं आणि स्फुरद शेतातच राहतो.

केंद्राशी बोलताना एक अट लेखी घ्या: रसायन बदललं तर त्यांनी कळवायचं, आणि प्रत्येक ढिगाचा वेगळा रिपोर्ट द्यायचा. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं तेव्हा गाळात माती जास्त आणि अ‍ॅल्युमिनियमचा वाटा कमी, पाणी नितळ असतं तेव्हा उलट. एकाच केंद्राचे दोन हंगामांतले ढीग एकाच मात्रेने टाकता येत नाहीत. "गेल्या वर्षीचा रिपोर्ट आहे की" हे उत्तर चालवून घेऊ नका. तपासणीचा खर्चही त्यांच्याकडेच मागा. तुम्ही गाळ नेलात की त्यांची विल्हेवाटीची डोकेदुखी जाते, तेव्हा उपकार त्यांचा एकट्याचा नाही.

तर सध्या चार बोटांचा बेत रद्द करा आणि मातीचा नमुना काढा. जमिनीचा सामू, ऑल्सन स्फुरद, आणि गाळातलं ऑक्झलेट अ‍ॅल्युमिनियम व घन भागाची टक्केवारी हे चार आकडे हातात आले की कळवा, त्यावरून एकरी मात्रा काढून देतो.